पिशवीत काय येतं, ते तू ठरव

आधी तो फोन उपडा ठेव बघू. रात्री अकरा वाजता ‘तीन वर्षांचं मूल नीट जेवत नाही’ म्हणून शोधत बसलीस, की दहा जणी दहा तऱ्हेचे सल्ले देतात आणि अकरावी पावडरचा डबा पुढे करते. तुझं डोकं भणभणतं, आणि सकाळी सात वाजता डबा भरायचा असतो तो तुलाच. तेव्हा बस जरा, पाय वर घे आणि मी सांगते ते ऐक.

खरं सांगू का, तुझी लेक उपाशी नाही गं. दिवसभर धावते, जिना चढते-उतरते, रात्री गाढ झोपते. उपाशी पोराचं हे लक्षण नव्हे. बघ, बाळाचं वजन पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या तिपटीवर जातं. ३ किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला ९ किलोच्या आसपास असतं. त्यानंतर मात्र ते वर्षाला दोन-सव्वादोन किलोंनीच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. ‘आठ-नऊ महिन्यांची होती तेव्हा वाटीभर खिमट चाटूनपुसून खायची, आता दोन घास घेते आणि पळते,’ असं म्हणालीस ना तू, ते या वयात असंच होतं. तिच्या शरीराचा हिशेब बदलला, एवढंच.

आणि हिशेबच करायचा तर चल, करू. या वयात प्रथिनं लागतात ती किलोमागे दिवसाला साधारण १ ग्रॅम. तुझी लेक १३-१४ किलोची, म्हणजे १३-१४ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. सकाळी अंडं आणि संध्याकाळी दूध झालं, तर दुपारचे चार घास वरण-भात उरलेलं काम करून टाकतात. घरात अंडं चालत नसेल तर मुगाचं धिरडं, वाटीभर दही, कोशिंबिरीत घातलेलं दाण्याचं कूट. जमतंय बघ. तू समजतेस त्यापेक्षा बरंच जास्त तिच्या पोटात जातंय.

आता मुद्द्याचं बोलते. एलिन सॅटर नावाच्या एका अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी आईबाप आणि मूल यांच्यात जेवणाच्या कामांची वाटणी करून दिली आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. बाई अमेरिकेतल्या असल्या तरी गोष्ट आपल्या घरात तंतोतंत लागू पडते. तू आत्ता सगळा जोर ताटापाशी लावतेयस. एक घास काऊचा, एक चिऊचा, मग मोबाईल, मग बाबांचा धाक, मग रडारड. आणि खरेदी मात्र ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून, एका अंगठ्याने, जे समोर दिसेल ते. हे उलटं कर. सामान आणताना कडक हो, आणि ताटापाशी सैल सोड. जे घरात आलंच नाही त्याच्यावरून रोज भांडावं लागत नाही. आणि घरात जे आहे ते सगळं बरंच असेल, तर तिने त्यातलं काय उचललं आणि किती खाल्लं, याची काळजी तुझ्या डोक्यावरून उतरते.

बेंगळुरात, त्यातही इंदिरानगरात राहून हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. शंभर फुटी रस्त्यावर चार पावलांवर बेकरी, कॅफे, डोनट, आइस्क्रीम. बोट लावलं की दहा मिनिटांत पिशवी दारात. सीएमएच रोडच्या मोठ्या दुकानांत तर मुलांच्या खाऊची आख्खी मांडणी असते, आणि प्रत्येक पाकिटावर हसरा हत्ती नाहीतर ससा, शेजारी नाचणीचं कणीस, आणि ‘मैदा नाही’, ‘मिलेट’, ‘नैसर्गिक’ असे हिरवे शिक्के. थकलेली आई तिथे उभी राहिली की तिला वाटतं, चला, हे तरी पौष्टिक. माझा राग त्या आईवर नाही. तिच्या थकव्याचा फायदा घेणाऱ्या त्या शिक्क्यांवर आहे.

म्हणून एक सवय लाव. पाकीट हातात आलं की पुढची बाजू बघायचीच नाही. उलटं करायचं आणि घटकांची यादी वाचायची. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी छापावं लागतं. परवा तू आणलेली ती नाचणी बिस्किटं घे बरं. पहिलं नाव गव्हाचं पीठ. दुसरं साखर. तिसरं पाम तेल. नाचणी कुठे आहे? चौथी, आणि शेजारी टक्का छापलाय तो बघ केवढासा. म्हणजे हे साखरेचं बिस्कीटच झालं, नाचणी आपली नावापुरती. पहिल्या तीन नावांत साखर असेल तर ती वस्तू खाऊ म्हणून ठीक, पौष्टिक म्हणून नाही. आणि साखर दर वेळी साखर म्हणून येत नाही हं. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही सगळी त्याच घरातली मंडळी. खाली पोषणाचा तक्ता असतो, त्यात शंभर ग्रॅममागे साखर किती ते बघ. ४ ग्रॅम म्हणजे छोटा एक चमचा. मनातल्या मनात चमचे मोज, आणि मग ठरव.

दुधात घालायच्या पावडरींचंही तेच. जाहिरातीत पोरं उंच होतात, शर्यती जिंकतात, आणि तुला वाटतं आपण नाही दिली तर आपलं मूल मागे पडेल. २०२३ मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवरून देशभर चर्चा झाली. तेव्हा १०० ग्रॅम पावडरीत वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅम होती, त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने ती ३२.२ ग्रॅमवर आणली. तरीही जवळजवळ एक तृतीयांश डबा साखरच झाला की. पुढे एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात ठेवू नका, कारण कायद्यात अशी काही व्याख्याच नाही. इतकी वर्षं ज्या नावावर आयांनी विश्वास ठेवला, त्या नावामागे कायद्यात काहीच नव्हतं, बघ. लेकीला पावडरीशिवाय दूध गळ्याखाली उतरत नसेल तर एकदम तोडू नको, आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी कर. वेलची-जायफळ घालून बघ, खजूर वाटून घाल.

दुधावरून आठवलं. नंदिनीचं अर्ध्या लिटरचं पाकीट तिच्या एकटीच्या पोटात जात असेल आणि वर दही-ताक वेगळं, तर जेवायला भूक राहील कुठून? चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर दिवसाला पुष्कळ झालं, आणि त्यात दह्या-ताकाचंही धर. दुधात लोह जवळजवळ नसतंच. जी मुलं दुधावर राहतात ती गुटगुटीत दिसतात, पण रक्त कमी निघतं. रात्री जेवली नाही म्हणून दहा वाजता बाटलीभर दूध पाजायचं, हे तर आजपासून बंद. तिलाही कळतं ना, नाही जेवलं तरी गोड गरम दूध येणारच आहे.

आणखी एक, घाईघाईत सांगते पण लक्षात ठेव. जुलाब झाले म्हणून ओआरएस आणायला नवऱ्याला पाठवशील तेव्हा नीट बजावून पाठव. सफरचंदाच्या चवीची गोड टेट्रापॅक पेयं वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाखाली विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हा विषय बरीच वर्षं लावून धरला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरायची मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, पाण्यात कालवायची साधी पुडी असते, तीच घ्यायची. दोन पुड्या घरात असू देत.

आता जरा चांगल्या गोष्टींकडे येऊ, कारण इंदिरानगरात राहण्याचे फायदेही पुष्कळ आहेत. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे नाचणी. आपल्याकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर ती रोजच्या जेवणात असायची, पुढे शहरात आलो आणि ती बाळाच्या सत्वापुरती उरली. इथे मात्र ती अजून रोजच्या ताटात आहे. कर्नाटक देशातलं सगळ्यात जास्त नाचणी पिकवणारं राज्य. सरकारी शाळांत मुलांना २०१३ पासून दूध देतात, २०२४ पासून त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस रागी माल्ट, म्हणजे नाचणीचंच पेय, सुरू केलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय. गव्हाच्या पिठात ३० च्या आसपास, पांढऱ्या तांदळात दहाहूनही कमी. तुझ्या लेकीच्या वयाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. ३० ग्रॅम नाचणीत, म्हणजे तिच्या एका छोट्या डोशाला लागेल तेवढ्या पिठात, त्यातला पाचवा हिस्सा येतो. पेलाभर दूध आणि वाटीभर दही धरलंस की बेरीज झालीच.

पण नाचणी मोड आणून दळ. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्यात तुझा हात फार लागत नाही, वेळ लागतो तो नाचणीला. किलोभर आण, चार पाण्यांनी धू, वर तरंगेल तो कचरा काढून टाक. रात्री भिजत घाल. सकाळी उपसून पंचात घट्ट बांध आणि चाळणीत ठेवून वर झाकण घाल, दिवसातून दोनदा पाणी शिंपड. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच पांढरे बारीक मोड दिसतात. डिसेंबरातल्या इथल्या थंडीत आणखी एक दिवस लागतो, तेव्हा घाबरू नको. मोड दाण्याएवढे झाले की जुन्या सुती साडीवर पसर, पंख्याखाली कडकडीत वाळू दे. नीट वाळली नाही तर पिठाला कुबट वास येतो, तिथे घाई नको. मग मंद आचेवर भाज. आधी ओलसर मातीसारखा वास येईल, मग एकदम भाजक्या धान्याचा, बिस्किटासारखा खरपूस वास सुटेल. तो आला की गॅस बंद. हाताने चोळलंस की वाळलेले मोड सुटतात, ते पाखडून टाक आणि दळून आण. लेकीला सांभाळणाऱ्या आपल्या अक्का याच पिठाची रागी सरी, म्हणजे लापशी, करतात, थोडं गूळपाणी आणि वरून तूप घालून. त्यांना विचार, हौसेने दाखवतील.

मोडांनी काय होतं माहितेय? एक तर दाण्यातली लोह आणि कॅल्शियम अडवून ठेवणारी द्रव्यं कमी होतात. दुसरं आणखी गमतीचं. साधं पीठ शिजवलं की दोन चमच्यांतच खळ होते, म्हणून आपण पाणी वाढवतो आणि बाळाच्या पोटात पाणीच जास्त जातं. मोडाचं पीठ शिजून पातळ राहतं, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी आणि देशिकाचार या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये नेमकं यावरच काम केलं, मोडाची नाचणी आणि मोडाचे मूग एकत्र करून बाळांसाठी पीठ तयार केलं. पोट इवलंसं, आणि त्यात दिवसाचं सगळं बसवायचं, हा प्रत्येक आईचा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत सोडवला. मला त्याचं फार कौतुक वाटतं. तू दळताना एक वाटी मोडाचे मूग वाळवून-भाजून घाल त्यात. आणि ते वस्त्रगाळ करून सत्व काढायची हौस आता नको. लहान बाळाला ठीक आहे, तीन वर्षांच्या पोरीला कोंड्यासकट दे.

त्याच पिठाचं आंबील कर, ताक आणि लसूण घालून. डोशाच्या पिठात एक डाव घाल. थालिपिठाच्या भाजणीत घाल. नुसती गोड लापशीच नको, नाहीतर नाचणी म्हणजे गोडच असं तिच्या जिभेला लागून जाईल.

दुसरी गोष्ट पालेभाज्या. सकाळी गल्लीतून गाडी जाते ना, ‘सोप्पू’ म्हणून आरोळी देत, तिला थांबवत जा. मेथी, पालक, राजगिरा हे आपले ओळखीचे, पण नुग्गे सोप्पू मिळाला तर सोडू नको. शेवग्याचा पाला तो. मूठभर पाला धुऊन बारीक चिरून डाळीत शिजव, नाहीतर थालिपिठात मळ. तिला कळणारही नाही, पण लपवूनच दे असंही माझं म्हणणं नाही. जुडी निवडायला तिला शेजारी बसव. जे पान तिने स्वतः खुडलं ते तोंडात घालून बघायची शक्यता जास्त.

लोहाकडे मात्र खरंच लक्ष दे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी निघालं. ही फक्त गरिबाघरची गोष्ट नाही गं, आपल्या सोसायट्यांतही आहे. उपाय आजीच्या स्वयंपाकघरातले आहेत: डोसा-धिरडं लोखंडी तव्यावर, पालेभाजी लोखंडी कढईत, आणि डाळीवर, उसळीवर लिंबू पिळून. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने भाजी-धान्यातलं लोह अंगी लागतं. चहा-कॉफीने उलट होतं. बेंगळुरात पोरांना चमचाभर फिल्टर कॉफी चाखवायची फार हौस. तुझे सासरे प्रेमानेच देतात, मला माहितेय, पण आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय, पाच वर्षांखालच्या मुलांना चहा-कॉफी नको. फळांचे रससुद्धा दोन वर्षांपर्यंत अजिबात नाहीत, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला १२५ मिलिलिटरपेक्षा जास्त नाहीत. सासऱ्यांना तू नको सांगू, नवऱ्याला सांगू दे. त्याच्या वडिलांशी बोलायचं काम त्याचं.

फळं ऋतूची घे. एलक्की केळं तर या वयासाठीच केल्यासारखं असतं, तिच्या मुठीत मावतं, पूर्ण संपतं, अर्धं काळं पडून राहत नाही. पेरू, पपई, चिकू, सीताफळ. न्यूझीलंडचं किवी आणि डब्यातल्या ब्लूबेरी यांच्यावाचून कुठल्याही मुलाचं काही अडलेलं नाही. हॉपकॉम्सच्या दुकानात जाऊन बघ, भाव फळ्यावर लिहिलेले असतात, घासाघीस करावी लागत नाही. ही सहकारी संस्था १९५९ मध्ये द्राक्ष बागायतदारांनी सुरू केली, फलोद्यान खात्याच्या डॉ. मरीगौडांच्या पुढाकाराने. अजूनही माल शेतकऱ्यांकडूनच येतो. आणि द्राक्षं देशील ती लांबीत चिरून दे हं, अख्खं द्राक्ष आणि अख्खा शेंगदाणा या वयात घशात अडकू शकतो. सुका मेवा कूट करूनच. हिवाळ्यात इथे अवरेकाळूचे ढीग लागतात. आपले पावटेच ते. भिजवून सोललेलेसुद्धा मिळतात, म्हणजे बिरड्याचं निम्मं काम दुकानदारानेच केलेलं. नारळाचं दूध घालून मऊ शिजव, भाताबरोबर कालवून दे.

आता तू म्हणशील, ताई, हे सगळं करेन मी, पण ती थुंकून टाकते. टाकू दे. नवा पदार्थ मुलाला आपलासा वाटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. आपण तिसऱ्या वेळेलाच ‘हिला दोडका आवडत नाही’ असं चारचौघांत जाहीर करतो, आणि मुलं फार गुणी असतात, आईचा शब्द खाली पडू देत नाहीत. तेव्हा तोंडाने काही बोलू नको. ताटात एका कोपऱ्यात चमचाभर वाढ, शेजारी तिच्या ओळखीचं काहीतरी असू दे, आणि तू स्वतः तिच्यासमोर बसून तोच दोडका खा. फोन नाही, टीव्ही नाही, तुझाही नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचल. राहिलं तर राहिलं. दोन-अडीच तासांनी पुढचं खाणं येतंच. मधल्या वेळात ‘निदान एक बिस्कीट’ मात्र नको, सगळी मेहनत तिथेच वाया जाते. अक्कांनाही हे सांगावं लागेल, त्यांच्या मायेची वाट बिस्किटाच्या पुड्यातून जाते. त्यांना बिस्किटाऐवजी शेंगदाण्याचा लाडू काढून ठेव हाताशी, किंवा राजगिऱ्याची वडी. माया करायला काहीतरी हातात लागतं गं माणसाच्या.

डब्याचा एवढा बाऊ करू नको. रंगीबेरंगी कप्पे, ताऱ्याच्या आकाराची काकडी, हे फोटोसाठी ठीक. लहान मुलाला वीस मिनिटं मिळतात आणि त्यात झाकण उघडण्यात पाच जातात. तिला स्वतःच्या हाताने उचलून खाता येईल असं एकच काहीतरी दे: इडलीचे चार तुकडे वर तूप-मेतकूट, मेथीचं छोटं थालीपीठ, दही-पोह्यांचा गोळा, पोळीचा लाडू. आदल्या रात्री तिलाच विचार, ‘धिरडं की इडली?’ दोनच पर्याय, दोन्ही तुझे. तिला वाटतं मी ठरवलं. शाळेत काय विकतात तेही एकदा डोळ्यांनी बघून ये. २०२० च्या नियमानुसार शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. पालकसभेत कुणीतरी विचारायला हवं, तर ती तू हो.

आणि वाढदिवस? जाऊ दे खुशाल. केक खाऊ दे, वेफर्स खाऊ दे, हात धरू नको. जे घरी कधीच येत नाही ते बाहेर वर्षातून पंधरा वेळा खाल्लं तर आभाळ कोसळत नाही, पण चारचौघांत आईने ताटातून उचलून घेतलं तर मुलाच्या मनात ते सोनं होऊन बसतं. एकच गोष्ट मी ठामपणे नाही म्हणते, भडक लाल गोबी मंचुरियन आणि गुलाबी बुढ्ढी के बाल. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तपासणीत ऱ्होडामाइन-बी सापडलं होतं. तो कापड रंगवायचा रंग आहे. तेव्हा गाडीवर तो लाल रंग दिसला की पुढे चालायचं, आणि घरी फ्लॉवरची भजी तळून द्यायची. घरची तळलेली भजी एखाद्या रविवारी खाल्ली तर काही होत नाही, उलट पोरगी खूश.

सासूबाई फोनवर ‘वाळली गं पोर’ म्हणाल्या की तुझा दिवस जातो, ते मी पाहतेय. वाळली की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही, वाढीच्या तक्त्यावर ठरतं. लसीकरणाचं पुस्तक घेऊन डॉक्टरांकडे जा, दर सहा महिन्यांनी वजन-उंचीचे ठिपके मांडून घे. ठिपके खालच्या रेषेवरून चालले तरी चालतील, आपापल्या रेषेने वर जायला हवेत. रेष सोडून खाली यायला लागले, किंवा सहा महिन्यांत वजन हललंच नाही, तर मात्र वाट बघू नको. ती फिकट दिसायला लागली, खेळता खेळता बसून राहते, माती-खडू खाते, सारखं बद्धकोष्ठ होतंय, घास घशात अडकतो, किंवा हळूहळू एकेक पदार्थ सोडत चार-पाचच गोष्टींवर आलीय, यांतलं काहीही दिसलं तर सरळ डॉक्टर. जंताचं औषध आणि रक्ताची तपासणी कधी करायची तेही त्यांनाच विचार. लोहाचं टॉनिक मनाने आणून सुरू करायचं नाही, आणि शेजारणीच्या मुलाला लागू पडलं म्हणून तर नाहीच.

उद्या त्या आख्ख्या मांडणीकडे फिरकू नको. नाचणी, मूग, शेंगदाणे, गूळ, एक डझन एलक्की आणि जो मिळेल तो सोप्पू, एवढंच आण. आणि मोड यायला तीन दिवस जातील तोवर माझं पीठ घेऊन जा, कालच दळून आणलंय, डबा तिथे ओट्यावर ठेवलाय.